न दचकलेलं पिल्लू

सदाशिवरावांना चार महिन्यांची मुदत होती. ती दिली होती त्यांच्या मुलीनं, तुंगानं.

मैसूरच्या बोगादीतल्या घरात कुकर आटून करपला आणि त्याचा वॉल्व्ह उडाला. शेजाऱ्यांनी दार फोडलं, तेव्हा सदाशिवराव हॉलमध्ये पेपर वाचत बसले होते. मेटगळ्ळीच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर काढली होती. कान तिथेच गेले. कानातलं यंत्र त्यांना सोसत नसे. समोरच्याचे ओठ पाहून ते बोलणं ओळखत. पाठीमागे काय चाललंय ते त्यांना कळत नसे.

तुंगा बेंगळूरूहून धावत आली. "एक तर माझ्याकडे चला, सहाव्या मजल्यावर. नाहीतर कुत्रं पाळा. शिटी झाली, बेल वाजली की तुम्हाला येऊन हलवील असं शिकवा. चार महिन्यांनी मी बघायला येणार."

सदाशिवरावांना सहावा मजला नको होता. आजोबांनी रंगाऱ्याचं काम करून मैसूरात बस्तान बसवलं, वडिलांनी दुकान चालवलं, आणि बोगादीचं हे घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलं. ते म्हणाले, "आयितु, ठरलं. कुत्रं आणतो."

शेजारची शरण्या त्यांना स्कूटरवरून शहराबाहेरच्या येलवालला घेऊन गेली. नुकतीच एम.ए. झालेली, नोकरी शोधणारी मुलगी. लहानपणी ती त्यांच्या ओसरीवर अभ्यासाला बसायची.

तिथल्या कुत्री विकणाऱ्या नागेंद्रकडे डाल्मेशियनच्या संकराची दोन पिल्लं उरली होती. तीन महिन्यांची. ठिपक्यांची मादी आणि जवळजवळ पांढराफटक नर.

"शिकवायचंय म्हणता? मग मादी न्या सार," नागेंद्र म्हणाला. "लवकर शिकते, लक्ष घरात असतं. वर्षातून दोनदा माजावर येते तेवढा ताप. नराचं काय, प्रत्येक खांबापाशी थांबणार. उशिरा शिकतो."

"मादीच घ्या काका," शरण्या त्यांच्या समोर येऊन म्हणाली. "आपल्याला घाई आहे."

"नर-मादी नंतर गं, कणम्मा. आधी माल तपासायचा."

त्यांनी गोठ्याच्या कट्ट्यावरचं लोखंडी झाकण उचललं आणि पिल्लांच्या मागे फरशीवर टाकलं. त्यांना तो आवाज किती मोठा झाला याची कल्पना नव्हती. म्हशीनं दावं ओढलं. मादी उभ्या बैलगाडीखाली पळाली. क्षणभरानं ती परत आली, झाकण हुंगू लागली.

पांढरा नर जागचा हलला नाही. तो सदाशिवरावांच्या हाताकडे बघत होता.

"हा पक्का," ते म्हणाले.

"काका, ती परत आली बघा. हुशार आहे."

"दचकली ना? प्रेसवर दचकला त्याची बोटं गेली. मी तीन माणसं बघितली. हाच न्यायचा."

पिल्लाचं नाव भीमा ठेवलं. पुढे शरण्या कुणालाही सांगायची, भीमासारखं आज्ञाधारक कुत्रं तिनं पाहिलं नाही. तळवा खाली केला की बसे. दोन बोटं वळवली की पुढे जाऊन परत येई. मुठीला थांबे. प्रेसच्या गोंगाटात माणसं एकमेकांशी हातांनीच बोलायची, तीच भाषा सदाशिवरावांनी त्याला शिकवली. फिरायला नेलं तर दर दहा पावलांनी तो मागे वळून त्यांच्याकडे बघे. गल्लीतले लोक थांबून पाहत.

तिसऱ्या महिन्यात पलीकडच्या लग्नात फटाक्यांची माळ लागली. गल्लीतली सगळी कुत्री ओरडू लागली. भीमा ओसरीवर गाढ झोपला होता.

शरण्यानं त्याच्या डोक्यामागे टाळी वाजवली. मग स्टीलचा डबा आपटला. त्याचं पोट संथ वरखाली होत राहिलं.

ती आत गेली. सदाशिवराव शेंगा सोलत होते; ती त्यांच्या समोर बसली.

"काका, भीमाला ऐकू येत नाही."

त्यांनी तिचे ओठ वाचले. "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"आणला त्याच्या तिसऱ्या आठवड्यापासून."

"अय्यो! मग बदलून का नाही आणला? तुंगाक्का येईल तेव्हा काय करणार?"

"बघू."

"घर जाईल काका."

"बघू म्हटलं ना," ते म्हणाले आणि शेंगांकडे वळले. खाली बघितलं की त्यांच्याशी बोलणं संपत असे.

तुंगा रविवारी सकाळी आली. तिनं भीमाचे लाड केले नाहीत. सरळ स्वयंपाकघरात जाऊन कुकरमध्ये तांदूळ-पाणी घातलं, गॅस लावला आणि दारात उभी राहिली.

"अप्पा, पेपर घ्या. इकडे पाठ करून बसा."

सदाशिवराव बसले. भीमा पायाशी. शरण्या भिंतीला टेकून. सहा मिनिटं. सात.

तेव्हा शरण्याच्या लक्षात आलं. सदाशिवरावांची नजर पेपरात नव्हती. समोरच्या शोकेसच्या काचेत मागचं स्वयंपाकघर दिसत होतं. कुकर, ओटा, तुंगाची साडी.

शिटी झाली. काचेत वाफेचा फवारा उडाला. पेपराखाली सदाशिवरावांची दोन बोटं जेमतेम वळली.

भीमा उठला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेला, परत आला, आणि त्यांच्या गुडघ्यावर पंजा ठेवला.

शरण्या काचेकडून त्यांच्या बोटांकडे बघू लागली. हे किती दिवस चाललं होतं? रोज किती भात शिजवला असेल?

"परत," तुंगा म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

दुसरी शिटी. दोन बोटं. उंबरा, गुडघा, पंजा.

तुंगा खाली बसली. तिनं भीमाचं डोकं छातीशी धरलं आणि ती रडू लागली. मग तोंड वर करून, वडिलांना ओठ दिसतील असं म्हणाली, "राहा अप्पा. इथेच राहा. चार महिने मी धड जेवले नाही. ऑफिसात फोन वाजला की आधी तुमचा विचार यायचा. आता हा आहे. आता मी तुमचा विचारसुद्धा करणार नाही, नोडी, बघाच!"

ती हसली. शरण्याही हसायला गेली आणि थांबली.

सदाशिवरावांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. घडी नीट बसली नाही, पुन्हा घातली.

"तुंगा, कुत्रा बहिरा आहे."

"काय?"

"जन्माचा. मी काचेत बघून बोट हलवतो. मी काचेसमोर नसलो तर हा झोपून राहील. परवाच दूध उतू गेलं."

तुंगा शरण्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

शरण्यानं मान डोलावली.

"आणि हे बघत उभी होतीस?"

"तिला बोलू नकोस. माल मी निवडला. तपासायला चुकलो."

तिसरी शिटी झाली. भीमा सदाशिवरावांच्या हाताकडे बघत बसला होता. हात मांडीवर स्वस्थ होता.

तुंगानं जाऊन गॅस बंद केला. मग पदरानं तोंड पुसून बाहेर आली आणि वडिलांच्या समोर स्टूल ओढून बसली.

"सहावा मजला भीमाला चालणार नाही," ती म्हणाली. "बेंगळूरूत तळमजल्याचं घर बघावं लागेल. पुढे थोडी मोकळी जागा असलेलं. महिना तरी लागेल. तोवर मी इथूनच काम करते."

सदाशिवरावांनी तिचे ओठ शेवटपर्यंत वाचले. उठले, शिटी उचलून उरलेली वाफ सोडली आणि कुकरचं झाकण काढून बघितलं.

"तीन शिट्यांत भाताचा गिचका झाला," ते म्हणाले. "ताकाबरोबर जाईल. शरण्या, तूही बस जेवायला."