कोर्टाच्या खिडकीवर घेतलेलं नाव

कारखान्याच्या मशीनमध्ये आमच्या ह्यांचा उजवा हात गेला, तरी अपंगत्वाची पेन्शन नामंजूर झाली. वकिलानं कोर्टात अपिलाचे कागद दिलेले, फक्त डॉक्टरचा दाखला जोडायचा राहिल्ता आणि मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. हे तापानं फणफणलेले, म्हणून परतूरहून जालन्याला मीच पळाले. पोचले तर खिडकी बंद व्हायला आल्ती.

कारकून म्हणाला, "मावशी, जल्दी नाव सांगा. दाखल्यावरलं डॉक्टरचं अक्षर लागंना, गठ्ठ्यातून फाईल कशी काढू?"

"आमच्या ह्यांची हाय."

"इथं समद्या ह्यांच्याच हायेत!"

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, लिहायचंही नसतं, एवढी एकच अक्कल मला येडीला पक्की होती. कारकुनानं खिडकीला हात घातला, तशी मी ओरडलेच,

"कोर्टाच्या खिडकीला लोखंडाची जाळी,
…रावांचं अपील घ्या आज संध्याकाळी!"

रांग खो खो हसली. दाखला जोडला गेला, शिक्का पडला.

घरी येऊन म्हणलं, "मुदतीत बसलं. पण तुमचं नाव घ्यावं लागलं."

हे तापातही हसले. "मंग दर साली एक अपील करत जाऊ."