नोझलमध्ये अडकलेली करंगळी

कुडव्यात राहत्या घरीच मी केक करून विकते. नागझिऱ्याच्या जंगलात गाईड असलेल्या एका माणसाने मुलीच्या वाढदिवसासाठी मोराचा केक सांगितला होता. वाघ अजिबात नको, असं त्याने दोनदा बजावलं. लोकांना वाघ दाखवून तो कंटाळला होता, आणि वाघ न दिसल्याबद्दल लोकांची बोलणी खाऊन त्याहून जास्त.

मोराचा पिसारा क्रीममध्ये उभा राहत नाही. त्यासाठी पिठीसाखर आणि अंड्याच्या पांढऱ्या भागाचं घट्ट आयसिंग लागतं, ते वाळलं की दगड होतं. पिसारा छान उभा राहिला, केक गेला, आणि त्याच दुपारी लाईट गेली. टाकीत पाणी नव्हतं, भांडी तशीच राहिली. सकाळी पाहते तर सगळ्यात मोठं नोझल आतून निळ्या सिमेंटने प्लास्टर केल्यासारखं झालं होतं.

नोझल म्हणजे क्रीमच्या पिशवीच्या टोकाला लावायची स्टीलची निमुळती टोपी. तिच्या तोंडाला आतल्या बाजूला वळलेले दात असतात, त्यांच्यामुळे क्रीमचं फूल होतं. असं वाळलेलं आयसिंग गरम पाण्यात भिजत ठेवलं की हळूहळू सुटतं. मी ते वाटीत भिजत घातलं आणि अंगण झाडायला गेले.

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर ट्रक चालवला. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर बाकीचे ड्रायव्हर खाटेवर आडवे व्हायचे तेव्हा हे जुन्या टूथब्रशने चाकांचे नट घासत बसायचे, असं सासूबाई सांगतात. मळ दिसला की त्यांना राहवत नाही. मी परत आले तर नोझल त्यांच्या हातात.

"बाबा, दुपारपर्यंत आपोआप सुटेल ते," मी म्हणाले.

"दुपारपर्यंत कायले वाट पाहाची? घासलं का निघते."

"तिच्या सामानाले हात नोका लावू," सासूबाई आतून बोलल्या.

त्यांनी आधी कडुनिंबाची काडी घातली, ती मोडली. मग सायकलच्या चाकाची तार घातली, ती वाकली. शेवटी करंगळीला ओला फडका गुंडाळला, त्यावर खायचा सोडा टाकला आणि बोट आत घालून गोल गोल फिरवायला लागले. थोडा निळा चुरा पडला. त्यांना हुरूप आला. त्यांनी जोर लावला, फडका पलीकडून बाहेर पडला आणि त्याच्यामागून करंगळीचं टोकही बाहेर आलं.

"निघून नाई राहिलं," ते शांतपणे म्हणाले.

आमच्याकडे तळ्यात मासे धरायला बांबूची टोपली लावतात. मासा सरळ आत जातो, पण परत फिरला की आतल्या काड्या त्याला अडवतात. बाबांच्या करंगळीचं तसंच झालं होतं. ओढली की नोझलचे दात रुतायचे. आम्ही तेल लावलं, साबण लावला, तूप लावलं. सासूबाई नोझल धरून ओढत होत्या आणि मी बाबांचे खांदे धरून उलट्या बाजूला.

"हळू वं, बोट माह्यं हाय," बाबा म्हणाले.

"अन् नोझल तिचं हाय," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा ओढलं.

बोट सुजायला लागलं तेव्हा मी स्कूटर काढली. सासूबाईंनी निघताना सांगितलं, "हात खाली केला का जास्त सुजते. वर धरून ठेवा." बाबांनी मूठ मिटली आणि नोझल घातलेली करंगळी डोक्याच्या वर उभी धरली. मागच्या सीटवर ते तसेच ताठ बसले.

करंगळी वर केली की माणूस काय सांगतो हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. आमच्या ते डोक्यातच आलं नाही. गर्दीच्या चौकात आम्ही अडकलो तेव्हा शेजारचा मोटारसायकलवाला पुढच्यांना ओरडला, "अरे, चाचाजी को लगी है, जाने दो." लोक बाजूला झाले. एका ऑटोवाल्याने तर ऑटो मागे घेऊन वाट दिली. पुढे पाणी प्यायला चहाच्या टपरीवर थांबलो, तर टपरीवाला काही विचारायच्या आतच म्हणाला, "पीछे दीवार है, उधर चले जाओ."

"मले नाई लागली," बाबा म्हणाले.

"शरमाओ मत, चाचाजी. उमर में होता है."

पुन्हा निघालो तरी मला हसू आवरेना. स्कूटर वाकडीतिकडी जायला लागली तशी बाबांनी मोकळ्या हाताने माझा खांदा घट्ट धरला. "हसून काऊन राहिली? गाडी नीट चालव."

दवाखान्यात पोचलो, तर दारातल्या शिपायाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि डावीकडे संडासाचा रस्ता दाखवला. बाबा माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आता खरंच लागली." ते गेले आणि बऱ्याच वेळाने दार किलकिलं करून त्यांनी शिपायाला आत बोलावलं. एका हाताने पायजम्याची नाडी बांधता येत नव्हती.

आतला डॉक्टर अगदी तरुण होता. त्याने बोट उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "कापावं लागेल."

तो नोझलबद्दल बोलत होता. बाबांना ते कळलं नाही. ते उठले, डॉक्टरला जयभीम केला आणि चालू लागले. मी मागे धावत समजावत होते, पण ते थेट रस्त्यापलीकडे जाऊन थांबले. तिथे एका दुकानावर भलामोठा पांढरा दात रंगवलेला होता.

"बाबा, हा दातांचा दवाखाना आहे."

"मंग? यालेबी दातच हायत."

ते आत शिरले. आतल्या डॉक्टरबाईंनी बाबांना खुर्चीत बसवलं, दिवा ओढला आणि विचारलं, "कुठला दात दुखतो, काका?"

"माह्ये नाई, याचे," म्हणत बाबांनी करंगळी त्यांच्या नाकासमोर धरली.

बाईंनी मास्क वर ओढला. मला वाटतं, हसू लपवायला. त्यांनी एक बारीक पक्कड घेतली आणि नोझलचा एकेक दात बाहेरच्या बाजूला वाकवला. बाबांनी सवयीने तोंड उघडून ठेवलं होतं. शेवटचा दात वाकला तसं बोट सुटलं. लाल झालं होतं, पण शाबूत होतं.

बाईंनी नोझल दिव्यासमोर धरलं. "हे आत काय साचलंय?"

"साखर," मी म्हणाले.

"सगळ्यांचं साखरेमुळेच होतं," त्या म्हणाल्या, आणि दातांवरची घाण काढायचं पाण्याचं मशीन सुरू करून त्यांनी नोझल आतून साफ करून दिलं. इतकं चकचकीत ते नवीन असतानाही नव्हतं. जाताना त्या गमतीने म्हणाल्या, "कवळी साफ करायच्या गोळ्या मिळतात ना, त्यात टाकून ठेवत जा."

गंमत मला कळली. बाबांना ती औषधाची चिठ्ठी वाटली.

घरात कवळी सासूबाईंची. रात्री त्या ती पेल्यात ठेवतात आणि त्यात एक गोळी टाकतात. पुढच्याच आठवड्यात मी पुन्हा गडद निळं आयसिंग केलं होतं, आणि वेगळी गोळी कशाला वाया घालवायची म्हणून बाबांनी माझी न धुतलेली नोझलं रात्री गुपचूप त्याच पेल्यात सोडली आणि पहाटे काढून घेतली. सकाळी सासूबाईंना भाचीच्या साखरपुड्याला जायची घाई होती. त्यांनी आरशात न बघताच कवळी बसवली आणि ऑटोत बसल्या.

तिथे त्या दिवसभर सगळ्यांशी हसून बोलल्या. सगळेही त्यांच्याशी नेहमीपेक्षा जास्तच हसून बोलले. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "लोक लय चांगले होते वं," आणि हसल्या तेव्हा मला दिसलं. आकाशासारखे फिके निळे दात.

मी आरसा आणून दिला. त्यांनी आरशात बघितलं. मग बाबांकडे बघितलं. बाबा अंगणात जाऊन स्कूटर पुसायला लागले.

काही दिवसांनी साखरपुड्याच्या फोटोवाल्याचा फोन आला. आजीच्या दातांचा रंग कॉम्प्युटरवर दुरुस्त करून देऊ का, असं तो विचारत होता. मी फोन सासूबाईंकडे दिला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "साडीले मॅच होऊन राहिले."