जोडीनं सरकणारी नावं

निवृत्तीनंतर मी एक जुनाट, बंद पडलेला कॉम्प्युटर दुरुस्त केला. तो तापल्यावर धुळीचा वास सुटला आणि नवी पेठेतला माझा कॉम्प्युटर क्लास आठवला. वडील गेल्यानंतर करमाळ्याहून आलेली आई मी काय शिकतो ते बघायला तिथं आली होती. मी छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि काळा पडदा तिच्या नावाच्या हिरव्या अक्षरांनी भरून गेला. "आई, सगळीकडं तूच हायस बघ." वाचता न येणारी आई काचेवरून बोट फिरवत म्हणाली, "एकटीच व्हय? त्यांचं बी लिव की शेजारी." मी लिहिलं. दोन्ही नावं जोडीनं वर सरकू लागली, तसा तिनं डोक्यावर पदर घेतला. परवा तोच प्रोग्रॅम आठवून आठवून पुन्हा लिहिला; तो चालला, तेव्हा मी नकळत खुर्चीतून उठून उभा राहिलो.