खारात नावानं हाक मारत नाहीत

काल्हेरच्या गोदामांच्या रांगेत, खाडीच्या अंगाला जे अगदी शेवटचं गेट आहे, तिथे सावळाराम ड्युटीला असतो. निळा शर्ट, गळ्यात शिट्टी, बुडाखाली प्लास्टिकची खुर्ची. ही खुर्ची जिथे आहे तिथे पूर्वी त्याचं स्वतःचं खाराचं शेत होतं, खाडीला बांध घालून मिळवलेलं. बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे खाऱ्या चिखलातल्या तिवरांचं रान आणि खाडी. शेत गेलं, गोदाम आलं आणि मालक गेटवर बसला. याचं त्याला दुःख आहे का, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. माणूस हेकट आहे, विचारणाऱ्यालाच चार शब्द ऐकवतो.

पण खुर्ची त्याला मनापासून आवडते, कारण या गेटातून अख्खा देश आत येतो. पंजाबचा सरदार येतो, कपाळभर भस्म लावलेला तमिळ ड्रायव्हर येतो, बंगालचा सुबल येतो. गाडी खाली होईपर्यंत हातात चहा आणि तोंडात गावच्या गप्पा. कुणाची नदी मोठी, कुणाचा आंबा गोड, कुणाच्या जंगलात हत्ती. चहा संपत आला की मग हळूच प्रत्येक जण आपापल्या गावचं भूत बाहेर काढतो. सरदार छलेडा सांगतो, वाटसरूला भलतीकडेच नेणारा. सुबल निशी सांगतो, जी जवळच्या माणसाच्या आवाजात नाव घेऊन बोलावते. सावळाराम मान हलवतो आणि म्हणतो, "अरे, हा तर आमचा चकवा. हाय तोच, नुसता गाडी बदलून हिंडतो."

त्याचं एक ठाम मत आहे. आपल्या देशाची श्रीमंती मोजायची तर भुतांवरून मोजावी. जिथे पाणी, झाडी, दलदल उदंड, तिथे भुतंही उदंड. उघड्या माळावर बिचारं भूत बसणार कुठे?

तसा चकवा अजूनही आहे. गोदामं सगळी एका साच्यातली, तेच पत्रे, तीच शटरं. नवा ड्रायव्हर फिरफिरून त्याच भिंतीशी परत येतो. मॅनेजर म्हणतो, नंबर नीट रंगवलेले नाहीत. सावळाराम नुसता खाडीकडे बघून घेतो.

खारातल्या लोकांनी चकव्यावर आपली एक रीत बसवली होती. शेतात असताना कुणी कुणाला नावानं हाक मारायची नाही. नावानं हाक आली की समजायचं, हे माणूस नव्हे. ओ द्यायची नाही आणि उलट्या दिशेनं चालू पडायचं. माणसांसाठी कुकारा असे, म्हणजे नुसती बिनशब्दांची आरोळी. प्रत्येक घराचा वेगळा. सावळारामाच्या घरचा होता दोन तुटक आणि मग एक लांब, शेवटाला खाली उतरणारा. संध्याकाळी बांधाबांधावरून हे कुकारे उठायचे आणि कोण कुठे आहे ते गावाला कळायचं. मोबाईल आले, शेतं गेली, कुकारे थांबले.

त्या दिवशी सर्वपित्रीची अमावस्या होती. घरात वडे, भोपळ्याची भाजी, पितरांच्या पानांची गडबड. त्या गडबडीत सावळारामाची बायको आनंदीबाई घरातून निघून गेली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. दोन-तीन वर्षांपासून तिचं डोकं मागे मागे चाललं होतं. अलीकडची सगळी वर्षं पुसली गेली होती. तिच्या लेखी शेत जागेवर होतं, सासरा जिवंत होता आणि मनोज पाळण्यात होता. तो मनोज आता याच पट्ट्यात फोर्कलिफ्ट चालवतो. भर दुपारी तो धापा टाकत गेटवर आला.

"बाबा, आये घरात न्हाय. फडक्यात वडे बांधून गेली. तुमास्नी जेवान घेऊन निघाली असंल."

सावळाराम ताडकन उठला. ती गेटवर आली नव्हती. म्हणजे पूर्वीच्या बांधाच्या वाटेनं गेली असणार, आणि ती वाट आता मागच्या नाल्याशी संपते. अमावस्येचं उधाण होतं. भरतीचं पाणी तिवरांत शिरायला लागलं होतं आणि थोड्याच वेळात नालाही भरणार होता.

गेटवर होते तेवढे सगळे धावले. ही गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे: कुणी कुणाचा नव्हता, पण एकानेही भाड्याला उशीर होईल असं म्हटलं नाही. हमाल, ड्रायव्हर, क्लीनर, सगळे शेडांमधून हाका मारत सुटले. सुबल "ओ आनोंदीबाई" म्हणून ओरडत होता, सरदार "आनंदीबाई माताजी" म्हणत होता. मनोज "आये, आये" करत घसा फोडत होता. मॅनेजरने भोंग्यावरून तिचं नाव पुकारलं आणि ते पत्र्यापत्र्यावर आपटायला लागलं. परत येताना ते नाव कुणाच्या आवाजात येतंय, तेच कळेना.

तेवढ्यात ट्रकच्या टपावर चढलेला एक हमाल ओरडला, "चाचा, हरी साडी दिखी थी! आवाज दिया तो और भाग गई!"

सावळाराम जागीच थबकला.

"बंद करा!" तो किंचाळला. "भोंगा बंद करा! नाव घ्यू नका तिचं!"

"बाबा, हाक न्हाय मारायची तर शोधायची कशी?" मनोज रडकुंडीला आला होता.

"ती नावाला पळतेय रं. आपुनच तिला पान्यात ढकलतोय."

भोंगा थांबला. सगळीकडे इतकं शांत झालं की चिखलातल्या निवट्या माशांचं फटफटणं ऐकू येऊ लागलं. सावळाराम मागच्या भिंतीशी गेला, तोंडाभोवती हात धरले आणि कित्येक वर्षांनी घरचा कुकारा दिला. दोन तुटक, एक लांब.

उत्तर आलं. उजवीकडून, तिवरांतून. दोन तुटक, एक लांब, शेवटाला उतरणारा. स्वच्छ, खणखणीत, अगदी तरण्या गळ्याचा. मनोज भिंतीवर चढलासुद्धा.

मग डावीकडून, शेवटच्या दोन शेडांमागून, दुसरं उत्तर आलं. घोगरं. लांब सूर मध्येच तुटला आणि खोकल्यात गेला.

सुबलने मनोजचा पाय धरून त्याला खाली ओढलं. सावळाराम डोळे मिटून उभा होता. आनंदीला तो लांब सूर कधीच जमला नव्हता. नवी नवरी होती तेव्हाही नाही, पुढे पोरं झाल्यावरही नाही. दरवेळी मध्येच श्वास तुटायचा आणि ती हसायची. सासरा म्हणायचा, सून चांगली हाय पण कुकारा अर्धा. तिवरांतून आलेला कुकारा पुरा होता.

त्याने तिवरांकडे पाठ केली आणि डावीकडे धावला. पाठीमागून तोच पुरा कुकारा पुन्हा आला, या वेळी जरा जवळून. कुणीही वळून पाहिलं नाही.

दोन शेडांमधल्या बोळाच्या टोकाला, नाल्याच्या कठड्यावर आनंदीबाई बसली होती. पाणी तिच्या गुडघ्याला लागलं होतं आणि तिचं त्याकडे लक्षच नव्हतं. मनोजने तिला उचलून वर घेतलं. सावळारामाच्या जिवात जीव आला, आणि मग त्याला ते फडकं दिसलं. कुंपणाच्या भिंतीवर नीट पसरलेलं. त्यावर चतकोर वडा उरला होता.

"अगो, जेवलीस व्हय?"

"मी कशाला? तुमीच तर जेवून गेलात मघा."

"मी?"

"भिंतीपल्याड हुबं ऱ्हाऊन हाक मारलीत. 'आनंदी' म्हनलात. मी ओ न्हाय दिली, खारात देत न्हाईत. पन भुकेजल्यागत वाटलात, म्हनून शिदोरी वर ठेवली." मग ती नवरीसारखी लाजली. "लय ग्वाड वाटलं पन. जल्मात कदी नाव घेतलं न्हाय तुमी माजं."

सावळारामाला भीती वाटली, पण भीतीहून जास्त लाज वाटली. खरंच घेतलं नव्हतं. शेतात रीत म्हणून नाही, घरात चारचौघांची लाज म्हणून नाही. अख्खा संसार "अगो" वर निघाला होता. जे त्याने द्यायचं ते दुसऱ्याच कुणी तरी देऊन गेलं होतं, आणि त्या बदल्यात पोटभर जेवलं होतं.

दिवेलागणीला मनोजच्या बायकोने दार लावून घेतलं. आनंदीबाई देव्हाऱ्यापुढे बसून वात सारखी करत होती. सावळाराम तिच्या मागे येऊन उभा राहिला. आता शेत नव्हतं, खार नव्हता, चार भिंती होत्या. त्याने घसा साफ केला, इकडेतिकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला, "आनंदी."

तिच्या हातातली वात गळून पडली. तिने मागे वळून त्याचा हात घट्ट धरला, बंद दाराकडे नजर लावली आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन कुजबुजली, "ओ देऊ नका हां. घरापतुर आलाय त्यो."