बंद केलेले कोर

"स्वतःसारखाच निवडलास, वा!" सर म्हणाले. भर लॅबमध्ये.

इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. प्रत्येक गटानं प्रोजेक्टसाठी स्वतः एक डेस्कटॉप जोडायचा होता. प्रोसेसर कोणता आणि का, ते उभं राहून सांगायचं. टेबलावर दोन खोकी होती, एक भारीतलं, एक साधं. मी साध्यावर बोट ठेवलं. आमचा प्रोजेक्ट संत्र्याच्या पानांचे फोटो पाहून रोग ओळखायचा. त्यात खरा भार ग्राफिक्स कार्डावर पडतो. म्हणून कार्ड भारी आणि प्रोसेसर साधा. गटाला पटलं होतं. मी कारण सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सरांनी ते खोकं उचललं आणि वर्गाकडे वळले.

"हा कसा बनतो, माहितीये? कारखान्यात सगळे एकाच साच्यातले. मग परीक्षा. ज्याचे सगळे कोर चालले, त्याला वरचं नाव. ज्याचे एकदोन नापास, तो फेकत नाहीत. मेलेले कोर बंद करायचे, खालचं नाव द्यायचं आणि बाजारात सीट द्यायची. याला काय म्हणतात?"

मागून कुणीतरी ओरडलं, "कोटा, सर!"

लॅब खदाखदा हसली. सगळ्या माना माझ्याकडे. शेजारी माझ्याच गटातली सायली. माझ्या डब्यातली भाकर खाणारी. तीही हसली.

कोर म्हणजे प्रोसेसरमधली काम करणारी डोकी. मी ते सगळं वाचलेलं होतं. मी म्हणाले, "सर, चांगले कोरही बंद करतात. खालच्या नावाचा माल कमी पडला की चालते कोर मुद्दाम बंद करून विकतात."

वाटलं, आता गप्प बसतील. ते हसले.

"बरोबर. मग? कारखाना ज्याचा, तो ठरवतो. खाली बस."

तिथं माझे डोळे उघडले. आजवर मला वाटायचं, आमचीही डोकी चालतात हे यांना ठाऊक नाही. अजून थोडे मार्क आणले की कळेल. शाळेपासून मी पुरावेच गोळा करत आले होते. आणि यांना सगळं ठाऊक होतं! चालतं डोकं बंद करतात, हे माहीत असून माणूस मजेत हसत होता. मला शरम वाटली नाही. संताप आला.

मी बसले नाही. तास संपेपर्यंत तशीच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी गटातून माझं नाव काढलं. कारण, उद्धटपणा. वडिलांना आणा, माफी मागा, नाहीतर प्रोजेक्ट नाही. प्रोजेक्ट नाही म्हणजे वर्ष गेलं.

"म्हणून टाक न सॉरी, यार," सायली म्हणाली. "काय जाते तुझं?"

बाबा कळमेश्वरला कारखान्यात पोती उचलतो. खाडा करून आला. लग्नाकार्यातला शर्ट घालून. बसमध्ये त्यानं एवढंच विचारलं, "तुही चूक होती का वं, माय?"

"नाही."

"मंग काहून जाऊन राहिलो आपण?" मग म्हणाला, "जाऊ दे. वर्ष जाईन तुह्यं. मी जोडतो हात. मले सवय हाय."

केबिनमध्ये दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बस कुणी म्हटलं नाही. सरांनी बाबाच्या पायांकडे पाहिलं. "चपला बाहेर काढा. इथे मशिनं असतात."

सरांच्या पायात बूट होते.

बाबा बाहेर गेला. चपला काढून अनवाणी आत आला. हात जोडले. "साहेब, पोरगी नादान हाय. माफी द्या."

सरांनी मोबाईलमधून मान वर केली नाही. "नादान नाही, जीभ लांब आहे. तुम्हा लोकांना फुकट मिळालं की असं होतं. तिला मागू दे. नीट, हात जोडून."

मी हात जोडले नाहीत. बाबाचे जोडलेले हात धरले आणि सोडवले. तो घाबरला. "सोड वं," म्हणत ते पुन्हा जोडायला गेला. मी सोडले नाहीत. मग बाहेर गेले, त्याच्या चपला उचलून आत आणल्या आणि त्याच्या पायापाशी ठेवल्या.

"घाल, बाबा."

"वर्ष गेलं समज," सर म्हणाले.

"जाऊ द्या."

आणि गेलं. गटानं प्रोजेक्ट दिला. मी निवडलेलाच प्रोसेसर लावून. त्यांना चांगले मार्क पडले. मी कॉलेजकडे तक्रार केली, तेव्हा भरल्या लॅबमधल्या एकानंही काही ऐकलेलं नव्हतं. सायलीनंही नाही. बाबा अजून म्हणतो, "तुह्या अकडीनं वर्ष खाल्लं."

खाल्लं तर खाल्लं. आता चौकशी समितीनं बोलावलंय. सरही असतील. साक्षीदार नाही, मी एकटी आहे. गुणपत्रिका नेणार नाही. माझं डोकं चालतं की नाही, हे यापुढे कुणालाही दाखवणार नाही. सर जे बोलले ते शब्दन् शब्द त्यांच्या तोंडावर बोलेन. मग विचारेन, माझ्या बाबाच्या चपला बाहेर का काढायला लावल्या?

उत्तर मिळेपर्यंत तिथून हलणार नाही.