विटेचा शेक आणि कारखान्यातली किल्ली

सुनेची कंबर दुखायला लागली तेव्हा मी वीट तापवली. आमच्याकडे पाठ धरली की वीटच. आंघोळीचं पाणी तापलं की चुलीतल्या निखाऱ्यांवर अर्धी वीट ठेवायची, लुगड्याच्या जुन्या फडक्यात गुंडाळायची, आधी आपल्या हाताला लावून बघायची आणि मग दुखऱ्या जागी. ऊसतोडीला जायचो तेव्हापासूनची ही सवय. मोळ्या वाहून आखडलेली पाठ शेकानं मोकळी होते, हे मी स्वतःच्या पाठीवर अनुभवलंय.

आम्ही पाथर्डीकडचे. मुलाला नागापूरच्या एमआयडीसीत काम लागलं, तेव्हापासून मीही इथंच राहते. सून एका कारखान्यात पॅकिंगला जाते. दिवसभर उभं राहून कंबर भरली असेल, असं मी धरून चालले. शेक दिला की तिला बरं वाटायचं, ती कामावर जायची आणि आली की पुन्हा आडवी व्हायची. मग एके दिवशी थंडी वाजून ताप आला. विटेनं ताप जात नाही, एवढं मला कळतं. दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी लघवीला जळजळ होते का म्हणून विचारलं. सून मान खाली घालून हो म्हणाली. घरात ती एका शब्दानं बोलली नव्हती. लघवीचा संसर्ग वर मूत्रपिंडापर्यंत गेला होता. बाई म्हणाल्या, "गोळ्या पूर्ण घ्या, पाणी भरपूर प्या, लघवी तुंबवू नका. सारखं असं होत राहिलं तर मूत्रपिंड खराब होईल." मी शेकाचं विचारलं. म्हणाल्या, "द्या ना आजी, दुखणं हलकं होतं. पण आजार त्यानं जात नाही."

ताप उतरला, सून कामावर गेली. संध्याकाळी तिचा डबा घासायला घेतला, तर पाण्याची बाटली भरलेली. दुसऱ्या दिवशीही तेच.

"पाणी का पीत न्हाईस गं?"

"वेळ मिळत न्हाई आत्या."

"घोटभर पाण्याला कसला आलाय वेळ? खरं काय ते सांग."

मग तिनं सांगितलं. बायकांच्या संडासाला कुलूप असतं आणि किल्ली सुपरवायझरकडं. मागायला गेलं की तो सगळ्या गड्यांसमोर विचारतो, "पुन्हा का?" गडी हसतात. म्हणून बायका पाणीच पीत नाहीत.

"हसू दे की. दात दिसत्याल त्यांचे."

"तुमी गेल्या असत्या का मागायला?"

"न्हाई," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

"मग मला कशाला शिकवता?"

तिचं बरोबर होतं. उसाच्या फडात आम्हीही हेच केलं. उजाडायच्या आत जाऊन यायचं आणि मग अंधार पडेपर्यंत पाण्याला शिवायचं नाही. हात उसाच्या रसानं चिकट आणि तोंड कोरडं. अंगात कस म्हणजे तहान मारणं, असंच आम्ही समजायचो. कितीजणींच्या कमरेला मी शेक दिला असेल. त्यातल्या किती कमरा खरंच मोळीनं भरल्या होत्या, हे आता कोण सांगणार?

पण एक गोष्ट आम्ही नीट करायचो, ती मी तिला सांगितली. "आमी एकटी कदी जात नव्हतो. एकीला लागली की चार-पाचजणी उठायच्या. दोघी लुगडं धरून आडोसा करायच्या. मुकादम वरडायचा, पण सगळ्यांवर किती वरडंल?"

सून तशी घुमी आहे.

पुढचं तिनंच केलं. एक बाई उठली की टेबलावरच्या सगळ्याच उठायला लागल्या. रांगेनं जाऊन किल्ली मागायच्या. माल पट्ट्यावर साचायला लागला. सुपरवायझर म्हणाला, "काय मोर्चा काढलाय का?" ही म्हणाली, "तुमच्याकडं यायची हौस न्हाई भाऊ. किल्ली आमच्या टेबलावर ठेवा, म्हंजी कुणाला यावं लागणार न्हाई." तो दोन-चार दिवस कुरकुरला. मग किल्ली टेबलावर आली. बाटली घरी रिकामी यायला लागली.

महिन्याभरानं पुन्हा लघवी तपासली. साफ निघाली. घरी यायला स्टँडवर उभ्या होतो. ऊन मरणाचं. सुनेनं रसवंतीवरून पाण्याचा तांब्या घेतला आणि सगळा प्यायली. मग त्या रसवाल्याला चारचौघांत, भाव विचारावा तसं विचारलं, "दादा, बायकांचं संडास कुठंय?"

मला लाज वाटली. या वयातही वाटली. त्यानं मान वर न करता हात दाखवला आणि ती चालू लागली. मलाही सकाळपासून लागली होती. मी तिच्या मागं गेले.