गंजावर मारलेला रंग

चाकणच्या एका कंपनीत मी पेंट शॉपला आहे. गंज खरवडल्याशिवाय रंगाला हात लावायचा नाही, हे पोरांना ओरडून ओरडून माझा घसा बसतो. आणि हाच शहाणा गावच्या लोखंडी पुलावर काय करून बसला, ते ऐका.

पूल इंग्रजांच्या वेळचा. दोन्ही अंगांना तिरक्या पट्ट्यांची उंच कैची, जागोजागी रिव्हेट. गाव अलीकडे, शेतं पलीकडे. माझी आई रोज डोक्यावर पाटी घेऊन त्यावरून जाते. यंदा बातमी आली की सरकारी इंजिनिअर तपासायला येणार. नापास झाला तर पूल बंद. म्हणजे हायवेच्या कंटेनरांमधून लांबचा वळसा.

मग ठरलं, पूल रंगवून काढायचा. कंपनीतला माणूस म्हणून पुढारपण माझ्याकडे. हाताशी दोनच दिवस. "खरवडत कुठं बसता, मारा वरूनच!" हे मीच म्हणालो. चंदेरी रंगात पूल नवरदेवासारखा दिसायला लागला. पोरांनी फोटो काढले आणि मी मिशीला पीळ दिला. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

इंजिनिअर आले. लांबूनच बघून म्हणाले, "वा, निगा राखलीय की!" तेवढ्यात आई शेताकडं निघाली, डाव्या कठड्याला अगदी चिकटून. ती कायम उजवीकडून चालणारी. मी विचारलं, "आज इकडून गं?"

"आदी भ्या वाटायचं बाबा. ह्या अंगाला जोडातनं तांबडं पानी गळायचं. आता तू नीट केलंस न्हवं, मग कशाला भ्यायचं?"

मी तिला धरून उजवीकडं ओढली आणि इंजिनिअरना हाक मारली, "साहेब, इथला रंग काढून बघा. आम्ही गंजावरच मारलाय."

तारेचा ब्रश फिरला तशी जोडावरची पट्टी पापडासारखी मोडून हातात आली. त्याच दिवशी पूल बंद झाला. "घरचा भेदी" म्हणून गावानं मला पोटभर शिव्या घातल्या. आई तर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट पुढ्यात आदळायची आणि तोंड फिरवायची.

मी गुमान जेवायचो. अबोला धरायला का होईना, आई घरात होती.